बातमीदार आणि डेस्क (गोव्यातील मराठी दैनिके)

गोव्यात मराठी दैनिकाची बातमी सहसा कोकणीत ऐकली जाते, इंग्रजी कागदावरून पडताळली जाते आणि मराठीत लिहिली जाते. अपघात पाहिलेला माणूस कोकणीत सांगतो, पोलिसांची प्रेसनोट इंग्रजीत येते आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या हातात मराठी पेपर पडतो. बातमीदार, उपसंपादक, मुद्रितशोधक यांच्या कामाला इथे जो वेगळा पीळ आहे तो यातूनच आला. पुण्या-मुंबईत भाषांतर हे डेस्कवरचे, म्हणजे कार्यालयात बसून बातम्या तपासणाऱ्या आणि पाने लावणाऱ्या विभागातले, एक काम असते. गोव्यात ते बातमीदार घटनास्थळी वही उघडतो तिथूनच सुरू होते.

भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये गोव्यात आला आणि 1821 मध्ये ‘गाझेता द गोवा’ हे सरकारी पोर्तुगीज पत्र निघाले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत छापायचा मजकूर आधी सेन्सॉरपुढे ठेवावा लागे, लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसे. आजच्या मराठी दैनिकांची परंपरा 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला त्यानंतरची आहे. चौगुले उद्योगसमूहाने 24 मार्च 1962 रोजी ‘गोमन्तक’ सुरू केला. बा. द. सातोस्कर त्याचे पहिले संपादक. पुढच्याच वर्षी मडगावहून ‘राष्ट्रमत’ निघाला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, यावर 16 जानेवारी 1967 रोजी झालेल्या जनमत कौलात ही दोन दैनिके समोरासमोर उभी होती. ‘गोमन्तक’ महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने, तर संपादक चंद्रकांत केणी यांचा ‘राष्ट्रमत’ त्याच्या विरोधात. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर ‘राष्ट्रमत’मध्येच येई. संघप्रदेश राहण्याच्या बाजूने 1,72,191 आणि विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मते पडली. या लढ्यातली एक गोष्ट बाहेरच्या वाचकाच्या सहज ध्यानात येत नाही. गोवा वेगळा राहावा, कोकणी ही स्वतंत्र भाषा आहे, हे मुद्दे घरोघर पोचले ते बऱ्याच अंशी मराठी पेपरातून. बोलायची भाषा एक आणि वाचायची दुसरी, ही घडी तेव्हाच पक्की बसलेली होती. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापरालाही मान्यता मिळाली, तरी कार्यालयांतले कागद मुख्यतः इंग्रजीतच राहिले. त्याचा भार रोज संध्याकाळी डेस्कवर येतो.

हा भार सगळ्यात जास्त जाणवतो तो नावांत. गोव्यातल्या गावांची आणि आडनावांची रोमन लिपीतली रूपे पोर्तुगीज वळणाची आहेत. केपे तालुक्यातल्या शेल्डे गावाचे नाव इंग्रजी कागदावर ‘एक्स’ या अक्षराने सुरू होते, कारण पोर्तुगीजमध्ये ‘श’ असा लिहितात. कोल्हापूरकडून नव्याने आलेला उपसंपादक पहिल्या आठवड्यात हमखास ‘क्सेल्डेम’ लिहितो. ‘आल्डोना’ म्हणजे हळदोणे, ‘सियोलिम’ म्हणजे शिवोली, ‘कुरचोरेम’ म्हणजे कुडचडे, ‘लौतोलिम’ म्हणजे लोटली, ‘तिविम’ म्हणजे थिवी. हे तोंडपाठ होईपर्यंत त्याच्या हातची कॉपी कोणी तरी जुना माणूस पाहतो. गावांचे निदान ठरलेले असते, माणसांचे तसे नसते. एकाच कुळातले दोघे भाऊ ‘पै’ आणि ‘पोय’ असे लिहितात आणि दोघांनाही आपलेच बरोबर वाटते. म्हणून मयताचे नाव छापण्यापूर्वी गावच्या पंचाला, म्हणजे पंचायत सदस्याला, फोन होतो: ‘बाब, नांव कशें बरोवपाचें?’ (नाव कसे लिहायचे?) रात्री दहा वाजता आलेल्या या फोनवर पंच रागावत नाही. नाव चुकले तर सकाळी घरच्यांचे फोन आपल्यालाच येणार हे त्याला ठाऊक असते.

दुसरी अडचण शब्दांची. खाजन शेती ही खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. पाणी आत-बाहेर करणारे तिचे दार म्हणजे मानस. गावकरी सांगतात, ‘मानस मोडली, शेतांत खारें उदक रिगलें’ (शेतात खारे पाणी शिरले). बाहेरच्या मराठी वाचकाला ‘मानस’ म्हटले की मन आठवते, आणि ‘जलनियंत्रक दार’ असे लिहावे तर सासष्टीतल्या शेतकऱ्याला ती आपली बातमी वाटत नाही. गोव्यातली मराठी दैनिके ‘मानस’ असेच लिहितात. फेस्त (चर्चचा सण), कोमुनिदाद (गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा), पोदेर (पाववाला), रेंदेर (माडाची सूर काढणारा) हे शब्दही तसेच ठेवतात. प्रस्तुत लेखकाच्या मते इथल्या मराठी पत्रकारितेने भाषेला दिलेली ही सगळ्यात मोलाची देणगी आहे. प्रमाण मराठीच्या हट्टापायी ती घालवणारे डेस्क वाचकापासून तुटते.

बातमीचा खरा पुरवठा तालुक्यांतून होतो. पेडणे, डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण इथले वार्ताहर बहुधा पूर्णवेळ नोकरीत नसतात. कोणी दुकान चालवतो, कोणी विम्याचे काम करतो, कोणी खासगी शिकवणी घेतो. दैनिकाकडून महिन्याचे ठरावीक मानधन मिळते किंवा बातमीमागे पैसे. 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्याने चार आठवड्यांत 144 तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये असा दंडक घातला होता. पण पत्रकारिता हाच ज्याचा मुख्य व्यवसाय तोच त्या व्याख्येत बसे, आणि हा माणूस तिथेच बाहेर राहिला. रविवारी ग्रामसभा, तीही कधी एकाच वेळी दोन गावांत. जत्रेच्या रात्री देवळासमोरचे मराठी नाटक उजाडेपर्यंत चालते, त्याची चार ओळींची बातमी आणि फोटो सकाळीच गेला पाहिजे. पावसात झाड पडून रस्ता बंद झाला तर तिथे सगळ्यांआधी तो पोचतो आणि पेट्रोलचे पैसे स्वतःच्या खिशातून घालतो. त्याच्या बातमीवर नाव येते ते ‘वार्ताहर, वाळपई’ एवढेच. ही कमाई आणि हे काम यांचा मेळ बसत नाही. तो कधीच बसवला गेला नाही, हे या व्यवसायाचे जुने दुखणे आहे.

गोवा 3,702 चौरस किलोमीटरचा. आमदाराचा नंबर मोबाइलमध्ये असतो आणि ज्याच्याविरुद्ध बातमी दिली तो शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात समोरून येतो. खाणपट्ट्यात हे फार जड जाते. 10 सप्टेंबर 2012 रोजी राज्य सरकारने लोहखनिजाचे उत्खनन थांबवले तेव्हा तिथल्या वार्ताहराच्या नात्यातलेच कोणी ट्रकवर होते, कोणी त्याच धुळीने शेत गमावलेले होते. दोघांचे म्हणणे लिहून तो रात्री दोघांच्याही दारावरून घरी जाई.

डेस्कवरचा दिवस दुपारनंतर सुरू होतो आणि आतली पाने आधी सुटतात. तालुक्यांचे पान, जत्रा आणि भजनाच्या बातम्या, निधनवार्ता, टॅब्लॉइड आकाराची पुरवणी हे सगळे संध्याकाळपर्यंत लावून होते. पान एक शेवटपर्यंत उघडे राहते. बातम्या आता मोबाइलवरून युनिकोडमध्ये येतात. ज्या कार्यालयांत पान अजून जुन्या फाँटात लागते तिथे अक्षरे बदलताना जोडाक्षरे तुटतात, ‘गावकऱ्यांनी’ हा शब्द तर हमखास. निम्म्या बातम्यांची सुरुवातच त्या शब्दाने होत असल्यामुळे मुद्रितशोधकाची नजर आधी तिथे जाते. पूर्वी हाच माणूस ओल्या प्रुफावर खुणा करी. अनेक ठिकाणी त्याची जागा भरली गेली नाही आणि ते काम उपसंपादकाच्या गळ्यात पडले. पान लावायचे, मथळा द्यायचा, चौकट करायची, शुद्धलेखन पाहायचे, वेबसाइटवर तीच बातमी चढवायची, हे एकाच पाळीत एकच जण करतो.

निधनवार्तेला नवे उपसंपादक कमी लेखतात. गोव्यात तीच सगळ्यात बारकाईने वाचली जाते. मयताच्या मागे कोण कोण, जावई कुठल्या गावचे, अंत्यसंस्कार किती वाजता, यातले काही चुकले तर दुसऱ्या दिवशीच्या खुलाशाने भागत नाही. फोटोंची अदलाबदल झाली तर वार्ताहर स्वतः त्या घरी जाऊन येतो. तिथे बसायला खुर्ची मिळते, चहा मिळतो, कोणी आवाज चढवत नाही. घरातले वडीलधारे पेपर पुढ्यात ठेवून नाव पुन्हा एकदा अक्षर-अक्षर सांगतात आणि तो ते वहीत उतरवून घेतो.