कॅनार्सी बोगदा: मिठाने पोखरलेला कट्टा

न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरखालून मॅनहॅटन आणि ब्रुकलिन जोडणारा कॅनार्सी भुयारी रेल्वेचा बोगदा १९२४ साली सुरू झाला. शेजारी-शेजारी दोन नळ, आतून काँक्रीटचे अस्तर आणि रुळांच्या कडेने काँक्रीटचा लांबच लांब कट्टा. विजेच्या केबल या कट्ट्याच्या पोटातून जात, आणि गाडी अडकली तर प्रवाशांनी चालत बाहेर पडायचे तेही त्याच्यावरूनच. एकाच बांधकामावर दोन कामे. पुढचा घोळ इथेच होता.

२९ ऑक्टोबर २०१२च्या रात्री सँडी वादळात बोगद्यात सुमारे ७० लाख गॅलन, म्हणजे अडीच कोटी लिटरहून जास्त खारे पाणी शिरले. ते उपसून नोव्हेंबरमध्येच गाड्या धावू लागल्या. मिठातले क्लोराइड मात्र काँक्रीटमध्ये मुरले होते. एरवी काँक्रीटच्या अल्कलीमुळे सळईवर संरक्षक थर टिकतो. क्लोराइड तो फोडते, आणि गंजण्याच्या क्रियेत स्वतः संपत नाही. त्यामुळे बोगदा कोरडा झाला तरी गंज थांबत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, काँक्रीटला आतून रेटतो, आणि ढलपे सुटू लागतात. मुंबईतल्या समुद्राकाठच्या इमारतींचे सज्जे असेच खिळखिळे होतात.

सरळ उपाय म्हणजे कट्टा फोडून नवा ओतणे. याच वादळात बुडालेला, याच नदीखालचा माँटेग्यू बोगदा याआधी, २०१३-१४मध्ये, दुरुस्तीसाठी वर्षभराहून जास्त बंद होता. कॅनार्सीसाठी एप्रिल २०१९पासून १५ महिने पूर्ण बंदी ठरली. नदी ओलांडणारे रोजचे सव्वादोन लाख प्रवासी अडकणार होते.

बंदीला चार महिने उरले असताना, जानेवारी २०१९मध्ये, कॉर्नेल आणि कोलंबिया विद्यापीठांतल्या तज्ज्ञांनी वेगळा मार्ग सुचवला. नव्या केबल भिंतीवरच्या रॅकवर टांगायच्या; जुन्या केबल आतच सोडून द्यायच्या. कट्ट्याचा निकामी भागच काढायचा, कमकुवत भागाला तंतुयुक्त पॉलिमरचे आवरण घालायचे, धड भागाला हात लावायचा नाही. फोडाफोड कमी, म्हणून घातक सिलिका धूळही कमी. ही युक्ती इतक्या उशिरा सुचावी हे मात्र खटकते.

उघड्या केबलला आगरोधक, कमी धुराचे वेष्टन लागते. शिवाय आवरणाखाली गंज चालूच राहू शकतो, म्हणून कट्टा हलतो-फुगतो का हे लेसर मोजणीने आणि फायबर सेन्सरने पाहत राहण्याची तरतूद योजनेत होती. काम रात्री आणि शनिवार-रविवारी, एका नळातून गाड्या चालू ठेवून झाले. २६ एप्रिल २०२०ला ते संपले.