आंघोळीनंतर अंग कोरडं का पडतं?

आंघोळ करून बाहेर आलं की पाच-दहा मिनिटांत नडगीची कातडी ओढल्यासारखी होते. नख फिरवलं तर पांढरी रेघ उमटते. आत्ता तर अंग पाण्यात भिजलं होतं, मग कोरडं पडलंच कसं? याचं धड उत्तर मिळायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं.

रोज सर्वांगाला साबण लावणं ही सवय वाटते तितकी जुनी नाही. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक अंगाला तेल चोळून धातूच्या वाकड्या पट्टीने तेल, घाम, मळ सगळं एकत्र खरवडून काढत. साबण बनायचा तो चरबी आणि राखेच्या क्षारांपासून. १७९१ मध्ये निकोला लब्लां या फ्रेंच माणसाने मिठापासून सोडा हा क्षार बनवायच्या रीतीचं पेटंट घेतलं आणि राखेवरचं अवलंबित्व सुटत गेलं. १८५३ मध्ये ब्रिटनने साबणावरचा कर उठवला. पुढे रोगजंतूंची माहिती झाली, तशी स्वच्छतेची निकडही पटली. चैनीची वडी रोजची झाली.

त्वचेच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हता. साबणाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा ७ च्या जितका खाली तितका पदार्थ आंबट) साधारण ९ ते १०, तर निरोगी त्वचेचा पृष्ठभाग ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आंबट. या आंबटपणाला शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी १९२८ मध्ये ‘आम्ल आवरण’ म्हटलं. साबण हे आवरण काही काळ बिघडवतो. शिवाय मळाचा तेलकटपणा कुठला आणि त्वचेचा स्वतःचा कुठला, हे त्याला कळत नाही.

गंमत म्हणजे उपाय आधी सापडला, कारण नंतर. मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेल्या ‘कोल्ड क्रीम’चं श्रेय दुसऱ्या शतकातल्या गेलन या वैद्याला दिलं जातं. रॉबर्ट चीझब्रो या रसायनतज्ज्ञाने तेलविहिरींच्या यंत्रांवर साचणारा मेणचट थर शुद्ध करून १८७२ मध्ये व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. फुटलेले ओठ, उललेलं अंग यांना आराम पडे, म्हणून सगळ्यांचा समज एकच: कोरड्या त्वचेला तेल कमी पडतं.

१९५२ मध्ये आयर्विन ब्लँक या अमेरिकी त्वचासंशोधकांनी या समजाला धक्का दिला. त्यांनी तळपायाच्या घट्ट्याचे वाळून कडक झालेले तुकडे घेतले. तेलात ठेवून ते मऊ पडेनात. पाणी मिळालं तेव्हा मऊ झाले. म्हणजे कमतरता पाण्याची होती. तेल किंवा मलम फक्त ते पाणी उडून जाऊ देत नाही. पुढे पीटर इलायस या त्वचातज्ज्ञांनी त्वचेच्या बाहेरच्या थराला विटा आणि चुन्याच्या भिंतीची उपमा दिली: मृत पेशी या विटा, मधले स्निग्ध पदार्थ हा चुना.

आता नडगीचं कोडं उलगडतं. पाण्यात बाहेरचा थर फुगतो. गरम पाणी आणि साबण थोडा चुना धुऊन नेतात. बाहेर आल्यावर खिळखिळ्या झालेल्या भिंतीतून पाणी उडतं, तेही आधीपेक्षा वेगाने. म्हणून आंघोळ आटोपशीर, पाणी कोमट, साबण काखा-जांघा-पाय एवढ्यापुरता. अंग टॉवेलने खसाखसा न पुसता टिपायचं आणि ओलसर असतानाच मलम लावायचं. माझ्या मते यातलं सगळ्यात दुर्लक्षित पथ्य पाण्याच्या तापमानाचं. कडकडीत पाण्याचं सुख कोण सोडणार!

१९५७ मध्ये बाजारात आलेली डव्हची वडी दिसते साबणासारखी, पण तिचा मुख्य घटक सौम्य संश्लेषित अपमार्जक (कृत्रिम डिटर्जंट) आहे. १९७९ मध्ये फ्रॉश आणि क्लिगमन या त्वचातज्ज्ञांनी वेगवेगळ्या वड्यांची त्वचेवर चाचणी घेतली, तेव्हा तीच सर्वांत सौम्य ठरली.

आंघोळीच्या पाण्यात ओतायची तेलं मात्र तपासणीत टिकली नाहीत. इसब असलेल्या ४८० हून अधिक मुलांवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. वर्षभर अशी तेलं वापरणारा गट आणि न वापरणारा गट यांत सांगण्याजोगा फरक दिसला नाही. अंगाला लावून ठेवायचं मलम दोन्ही गटांतल्या मुलांना चालूच होतं.