कार्यशाळेआधी तीन भेटी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुमचा माल सुधारण्यासाठीच्या आमच्या कार्यशाळेची तारीख ठरली की बहुतेक मालक विचारतात, "आम्ही काय तयारी करायची?" तयारी एकच आहे. त्या दिवसाआधी, तुमचा माल वापरणाऱ्या निदान तीन माणसांना त्यांच्या घरी, शेतात किंवा कामाच्या जागी जाऊन भेटा. फोनवर नको, तुमच्या काउंटरवरही नको.

भेटल्यावर "आमचा माल कसा वाटतो?" असं विचारू नका. दारात आलेल्या माणसाला आपल्याकडे तोंडावर वाईट कोणी सांगत नाही. चहा येतो, "चांगलाय की" म्हणतात आणि तुम्ही रिकाम्या हातानं परत येता. "असं नवीन काढलं तर घ्याल का?" हा प्रश्न त्याहून फसवा, कारण नुसतं हो म्हणायला पैसे लागत नाहीत. मागच्या वेळेबद्दल विचारा: "शेवटचं कधी वापरलंत? त्या दिवशी सुरुवातीपासून काय काय केलंत?" मग ऐका. समोरचा मध्येच थांबला तर घाईनं पुढचा प्रश्न टाकू नका. खरी अडचण बहुधा त्या थांबण्यानंतर बाहेर येते.

पाठीवरचे फवारणी पंप बनवणाऱ्या एका ग्राहकाचं उदाहरण देतो. त्यांच्या तक्रारवहीत पुन्हा पुन्हा एकच नोंद होती, "नोझल खराब". ते इमानदारीनं नोझल बदलून देत होते. मग बांधावर उभं राहून त्यांनी एक अख्खी फवारणी पाहिली. टाकी 16 लिटरची, तोंड अरुंद. बादलीनं भरताना गाळणीमुळे पाणी हळू उतरतं आणि अंगावर सांडतं, म्हणून गाळणी काढून घरी ठेवलेली. मग पाण्यातला कचरा थेट नोझलपर्यंत जाणारच. आणखी एक गोष्ट वहीत कधीच आली नव्हती. भरलेल्या टाकीत नुसतं पाणीच 16 किलो. एकटी बाई फवारायला गेली तर तो पंप पाठीवर चढवायला दुसरा हात नसतो. विचारल्यावर मात्र सगळे "किंमत कमी करा" एवढंच सांगत आले होते.

टोयोटाच्या कारखान्यांतून आलेली, पाच वेळा "का?" विचारून मुळाशी जायची पद्धत तुम्ही ऐकली असेल. ती आपल्या टेबलावर वापरा, माल वापरणाऱ्यासमोर नको. ओळीनं पाच वेळा "का?" विचारलं की माणसाला उलटतपासणी वाटते. तिथे "मग काय झालं?" एवढं पुरतं.

कार्यशाळेच्या दिवशी पहिली वीस मिनिटं कोणी बोलायचं नाही. प्रत्येकानं भेटीत पाहिलेलं चिठ्ठ्यांवर लिहायचं, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. यामागे कारण आहे: मालक आधी बोलले की बाकीचे माना हलवतात आणि पॅकिंगवरच्या ताईंना जे माहीत आहे ते तसंच राहून जातं. ज्यांना लिहिणं जड जातं त्यांनी सांगावं, आमचा माणूस त्यांच्याच शब्दांत लिहून घेईल. मग चिठ्ठ्या भिंतीवर लावून, एकमेकींच्या जवळच्या वाटतात त्या एकत्र आणायच्या. जपानी मानवशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी आपल्या क्षेत्रअभ्यासातल्या नोंदी लावण्यासाठी ही रीत बसवली. त्यांच्या नावावरूनच तिला केजे पद्धत म्हणतात. आमचा आग्रह एवढाच, की गटाला नाव देताना पूर्ण वाक्य लिहा. "गुणवत्ता" या मथळ्यातून काही हाती लागत नाही. "टाकी भरताना गाळणी आडवी येते" लिहिलं की काम कुठे करायचं ते दिसतं.

दुपारनंतर पुठ्ठा, चिकटपट्टी, जुने सुटे भाग घेऊन कच्चा नमुना बनवायचा. नमुना देखणा करू नका. देखण्या वस्तूला लोक नावं ठेवत नाहीत. पुढच्या आठवड्यात तो पाच जणांच्या हाती द्या आणि बाजूला उभे राहा, समजावून सांगू नका. पाचच का? याकोब नील्सन आणि थॉमस लँडॉवर या संशोधकांनी 1993 मध्ये संगणक प्रणालींच्या चाचण्यांवरून मांडलेल्या गणितानुसार, पाच वापरणाऱ्यांत वापरातल्या सुमारे 85 टक्के अडचणी समोर येतात. तुमच्या मालाला तो आकडा तंतोतंत लागू होईल असं आम्ही म्हणत नाही, पण पन्नास जणांची वाट पाहण्यापेक्षा पाच जणांनंतर सुधारून पुन्हा पाच जणांकडे जाणं आम्हाला योग्य वाटतं.

त्यानंतर दर पंधरवड्याला एक, अशी मालकांबरोबर चार मार्गदर्शन-सत्रं होतात. त्यांत आम्ही उत्तरं देत नाही. मार्गदर्शनावर लिहिणारे ब्रिटिश लेखक जॉन व्हिटमोर यांच्या लेखनामुळे जगभर पोचलेल्या ग्रो पद्धतीचे चार प्रश्न विचारतो: साधायचं काय, आज स्थिती काय, वाटा कोणकोणत्या, आणि यातलं तुम्ही काय करणार, कधी. शेवटच्या प्रश्नाला तारीख लागते. "बघू" हे उत्तर आम्ही लिहून घेत नाही.

कार्यशाळेला जास्तीत जास्त बारा जण बोलवा. विक्रीचा माणूस, माल पोचवणारा आणि दुरुस्ती करणारा हे तिघे हवेतच, आणि मालकांनी पूर्ण दिवस द्यावा. तक्रारवही आणा, फोटो नको, मूळ वहीच. परत आलेला माल असेल तर तो न धुता, न पुसता, जसा आला तसा आणा.