टॅपेट वाजतंय, की भलतंच काही?

नवे जास्त उचलीचे कॅम (व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या झडपा, उघडणारे फिरते उंचवटे), तो धक्का वर पोहोचवणारे स्टीलचे पुशरॉड आणि मोकळा सायलेन्सर. एका रविवारी हे सगळं एकदमच बसवून मी माझ्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटला किक मारली. (सायलेन्सर पोलिसांना आवडत नाही, तो विषय वेगळा.) गाडीत जोर आला होता, पण उजव्या अंगाला कुणीतरी शिवणयंत्र चालवत बसल्यासारखी टिकटिक सुरू झाली. टॅपेट, म्हणजे कॅम आणि पुशरॉड यांच्यामधले, फट कमी-जास्त करता येणारे दट्टे, ढिले राहिले असं ठरवून मी झाकण उघडलं आणि ते आवळले. आवाज तसाच. पुन्हा आवळायला निघालो, तेव्हा गल्लीतल्या मिस्त्रींनी पाना काढून घेतला. "आणखी आवळू नका. वाजणारं टॅपेट परवडतं, मुकं व्हॉल्व्ह जाळतं."

त्यांचं म्हणणं खरंच होतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो सीटवर, म्हणजे आपल्या बैठकीवर, टेकलेला असतानाच सिलिंडर हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) उतरते. टॅपेट जास्त आवळला की व्हॉल्व्ह नीट टेकत नाही, कडेने तापलेला वायू सुटत राहतो आणि कड करपते. या सगळ्यात आवाज मात्र काहीच येत नाही. म्हणून बुलेटला जुनी पद्धत आहे: इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला, आणि पुशरॉड चिमटीत धरून फिरवला तर सहज फिरावा, पण वरखाली हलू नये. फिलर गेज (फट मोजायची पट्टी) लागत नाही, बोटंच सांगतात.

मग आवाज कुणाचा? पहिली खूण तालाची. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) दोनदा फिरते तेव्हा कॅम एकदा फिरतो. मिनिटाला 1000 फेऱ्यांच्या आयडलला प्रत्येक व्हॉल्व्ह 500 वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण आठदा उघडतो. ठोका याच्या दुप्पट वेगाने पडत असेल तर संशय क्रँकच्या बाजूला न्यावा. माझा ठोका आठाचाच होता, म्हणजे टॅपेटच, असं मला वाटलं. पण सायलेन्सरच्या पाइपातून निघणारा धुराचा झटकाही दोन फेऱ्यांत एकदाच येतो! पाइप हेडला जिथे बसतो तिथे बारीक फट राहिली, तर तिथली फुसफुस हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिकते. ताल दोघांचा एकच, त्यामुळे मोजून उपयोग नाही.

फरक कळतो तो तापमानाने आणि थ्रॉटलने. "सकाळी थंड गाडी ऐकवा, मग बोलू," मिस्त्री म्हणाले. सकाळी थंड इंजिनाची टिकटिक खणखणीत होती, आणि चढावर थ्रॉटल पिळला की वाढायची. दहा मिनिटांनी पाइप तापून फुगला, फट बुजली आणि आवाज निम्म्यावर आला. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आम्ही सायलेन्सरच्या तोंडातून ब्लोअरने हवा मारली आणि सांध्यावर साबणाचं पाणी टाकलं. एका कोपऱ्यात बुडबुडे. तिथेच काजळीची जिभेएवढी काळी रेघही होती, जी मला आठवडाभर दिसली नव्हती. पाइप काढून सांधा साफ केला, नीट बसवला. अर्धा आवाज गेला.

उरलेला अर्धा मात्र उलट वागत होता: थंड असताना कमी, तापल्यावर जास्त. हे काम माझ्या स्टीलच्या पुशरॉडांचं. मूळचे पुशरॉड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. समजा, रॉड 200 मि.मी. लांब आहे आणि 60 अंशांनी तापला. ॲल्युमिनियम सुमारे 0.28 मि.मी. वाढेल, स्टील जेमतेम 0.14. शेजारचा लोखंडी सिलिंडर मात्र जास्त तापतो. तो 100 अंशांनी तापला तर 0.22 मि.मी. उंच होतो. थोडं तापून जास्त वाढणारा ॲल्युमिनियमचा रॉड त्याच्याशी जवळपास बरोबरी करतो. स्टीलचा मागे पडतो आणि केसाच्या जाडीएवढी फट उघडते. मजबूत म्हणून आणलेला भाग फुगण्यात कमी पडला, हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

पण केसाएवढी फट एवढी वाजते का? इथे कॅमचा आकार येतो. कॅमच्या उंचवट्याला दोन्ही बाजूंनी हलका उतार ठेवलेला असतो. त्यावर ही फट हळूच भरली जाते, आणि व्हॉल्व्ह बंद होतानाही अलगद सीटवर उतरतो. जास्त उचलीचे कॅम पटकन उघडून पटकन मिटावेत म्हणून हा उतार बहुधा आखूड केलेला असतो. फट उताराच्या उंचीपेक्षा मोठी झाली की व्हॉल्व्ह सीटवर टेकत नाही, आदळतो.

याहून गंभीर तपासण्या बसवण्याआधीच करायच्या असतात. पूर्ण उचलीला व्हॉल्व्हच्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना भिडू नयेत, एकंदर दीडेक मि.मी. वाव राहावा. जास्त उघडणारा व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना, हे पाहायला पिस्टनच्या डोक्यावर मऊ मातीचा गोळा ठेवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवावं आणि दबलेली माती कापून जाडी मोजावी. दोनेक मि.मी.पेक्षा पातळ निघाली तर किक मारू नये. मी हे केलं नव्हतं. मिस्त्रींनी करायला लावलं, नशिबाने माती जाड निघाली.

स्टीलचे रॉड काढले, जुने घातले, चिमटीत फिरवून बसवले. कॅम नवेच ठेवलेत. थोडी टिकटिक अजून आहे, तापल्यावर वाढत नाही. मिस्त्री त्याला "कॅमचं बोलणं" म्हणतात आणि झाकण लावून टाकतात.