सोलापुरात वसतिगृहातला विद्यार्थी बेपत्ता झाला तर: तक्रार कोणी द्यायची, कुठे द्यायची, कोणते कागद लागतात

रात्रीच्या हजेरीला मुलगा नाही, मोबाईल बंद, खोलीतल्या पोरांनाही काही ठाऊक नाही. अशा वेळी वसतिगृहात हमखास कुणीतरी म्हणतं, "गावी गेला असेल, सकाळपर्यंत बघू." असं थांबू नका. बेपत्ता झाल्याची तक्रार द्यायला २४ तास उलटावे लागतात, असा कोणताही नियम नाही. तास-दोन तास शोधूनही पत्ता लागला नाही, की त्याच रात्री पोलिस ठाणे गाठायचं.

तक्रार कोणीही देऊ शकतं. आई-वडील, भाऊ-बहीण यांच्याप्रमाणेच रेक्टर, प्राचार्य, वर्गशिक्षक, अगदी खोलीत राहणारा मित्रसुद्धा. रक्ताचं नातं लागत नाही, फीही नाही. तरीही बरीच महाविद्यालयं पालक येईपर्यंत थांबतात, आणि ते मला अजिबात पटत नाही. सोलापूरच्या वसतिगृहांत करमाळा, उमरगा, इंडीकडची मुलं असतात. रात्री अकराला फोन गेलेला बाप एसटी पकडून पोचेपर्यंत सकाळ होते. मूल संस्थेच्या ताब्यात होतं, म्हणून पहिली तक्रार संस्थेनंच द्यावी. पालक आल्यावर त्यांचा पुरवणी जबाब घेता येतो.

कुठे जायचं?

शहर हद्दीत सोलापूर पोलिस आयुक्तालयाची ठाणी आहेत: सदर बझार, फौजदार चावडी, विजापूर नाका, जेलरोड, जोडभावी पेठ, सलगर वस्ती, एमआयडीसी. शहराबाहेरची हद्द ग्रामीण पोलिसांची, म्हणजे पोलिस अधीक्षकांच्या अखत्यारीतली. महामार्गालगतच्या संस्थांना आपली हद्द कोणती हे ऐनवेळी उमगत नाही, म्हणून ठाण्याचं नाव आणि फोन रेक्टरच्या टेबलावर आधीच लिहून ठेवावा. गोंधळ झालाच तर ११२ वर फोन करा. अपहरणासारख्या दखलपात्र गुन्ह्याचा (ज्यात पोलिस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात) संशय असेल, तर हद्द कुठलीही असो, ठाण्याला गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे.

वयावरून प्रक्रिया बदलते

अकरावी-बारावीची आणि पॉलिटेक्निकच्या सुरुवातीच्या वर्षांतली बहुतेक मुलं १८ च्या आतली असतात. अशा मुलाच्या बाबतीत नुसती 'मिसिंग' नोंद पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशांनुसार एफआयआर दाखल व्हायला हवा, आणि तो अपहरणाच्या कलमाखाली, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७(२) खाली होतो. "पळून गेली असेल" हे उत्तर इथे चालत नाही. सोबत १०९८ या चाइल्डलाइनलाही कळवावं. चार महिन्यांत मूल सापडलं नाही, तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो.

१८ पूर्ण असतील तर मिसिंग रजिस्टरला नोंद होते. नोंदीचा क्रमांक आणि तपास कोणाकडे दिला त्या अंमलदाराचं नाव लिहून घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

सोबत न्यायचे कागद

अलीकडचा, चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो. आधारची प्रत. वसतिगृह प्रवेश अर्जाची प्रत, कारण त्यात पत्ता, पालकांचे नंबर, रक्तगट आणि आजाराची माहिती असते. मोबाईल नंबर, आणि मिळाला तर खोक्यावरचा किंवा बिलावरचा आयएमईआय (हँडसेटचा स्वतःचा ओळख) क्रमांक. बँक आणि यूपीआय कोणतं वापरतो, ते. शेवटी अंगावर कोणते कपडे होते, तीळ, जुनी जखम, चष्मा. घरात कन्नड किंवा तेलुगू बोलत असतील तर तेही सांगा, दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांना त्याचा उपयोग होतो. यातला एखादा कागद नाही म्हणून जायचं थांबू नका, तो सकाळी देता येतो.

अर्ज साधा असावा: "आमच्या वसतिगृहातील विद्यार्थी (नाव, वय, वर्ग) दि. … रोजी … वाजता … येथे शेवटचा दिसला. त्यानंतर परत आलेला नाही. मोबाईल बंद आहे. शोध घेऊनही मिळून आला नाही. तरी नोंद घेऊन तपास व्हावा." भांडण, परीक्षेचं टेन्शन, कुणाचा त्रास, कुठलीही शंका असेल तर ती लिहा. संस्थेच्या नावाला धक्का लागेल म्हणून गाळलेली ओळच पुढे तपासाला नडते.

महाविद्यालयानं त्याच रात्री काय करायचं?

सगळ्यात आधी सीसीटीव्हीचं चित्रीकरण वेगळं काढून ठेवायचं. बहुतेक यंत्रणांत काही दिवसांनी जुन्यावर नवीन चढतं, आणि पोलिसांचं मागणीपत्र येईपर्यंत नेमका हवा तो तास पुसला गेलेला असतो. गेटवरचं रजिस्टर, आउटपास, मेसची हजेरी एकत्र करून ठेवा. खोलीला कुलूप घाला. वह्या, लॅपटॉप चाळत बसू नका, ते पंचनाम्यासाठी तसंच राहू द्या. खोलीतल्या मित्रांशी एकेकट्यानं, न दटावता बोला. "तुझ्यावर कारवाई होणार नाही" हे आधी सांगितलं, तरच पोरं खरं बोलतात.

सोलापूर स्टेशनातून रात्री मुंबईकडे सिद्धेश्वर एक्स्प्रेस जाते, दुसऱ्या बाजूला कलबुर्गी, हैदराबादकडच्या गाड्या. म्हणून रेल्वे पोलिसांना आणि १३९ या रेल्वे हेल्पलाइनवर लगेच कळवा. एसटी स्टँडवर आणि सिव्हिलच्या अपघात विभागात माणूस पाठवा.

रॅगिंगचा संशय असेल तर यूजीसीच्या २००९ च्या विनियमांप्रमाणे संस्थाप्रमुखावर २४ तासांच्या आत एफआयआर देण्याची जबाबदारी आहे. मदतीचा नंबर १८००-१८०-५५२२.

व्हॉट्सअॅपवर फोटो टाकताना संपर्काला पोलिस ठाण्याचाच नंबर द्या. पालकांचा नंबर फिरला की "मुलगा आमच्याकडे आहे, पैसे पाठवा" असे फोन येऊ शकतात. मुलीबद्दल प्रेमप्रकरणाचे अंदाज ग्रुपवर फिरू देऊ नका.

ठाण्यात दखलपात्र गुन्हा नोंदवून घेतला नाही, तर लेखी तक्रार शहरात पोलिस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात अधीक्षकांकडे टपालानं पाठवता येते. कुणी बेकायदा डांबून ठेवल्याचा संशय असेल तर उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस याचिका, म्हणजे त्या व्यक्तीला कोर्टापुढे हजर करा अशी मागणी, करता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे.

सापडल्यावर

सज्ञान मुलगा किंवा मुलगी स्वतःहून गेली असेल, तर पोलिस जबाब नोंदवतात, घरी परतायची जबरदस्ती करू शकत नाहीत. अल्पवयीन मूल कुटुंबाकडे सोपवण्यापूर्वी गरजेप्रमाणे बालकल्याण समितीसमोर नेलं जातं. वसतिगृहात परत आलेल्याला पहिल्याच दिवशी शिस्त समितीपुढे उभं करू नये, आधी समुपदेशकाकडे न्यावं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थेत पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. तो नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो. मिसिंगची नोंद बंद झाल्याचं ठाण्याकडून कळलं, की संस्थेनं सगळ्या ग्रुपवर टाकलेला फोटो काढून घ्यायला लावावा.