दाननिबंध

दानाविषयीची श्रुती, स्मृती व पुराणे यांतील वचने विषयवार एकत्र करून त्यांचा अर्थ लावणारे संस्कृत ग्रंथ. ‘निबंध’ म्हणजे येथे साधार संग्रह. काही दाननिबंध स्वतंत्र आहेत, तर काही मोठ्या धर्मनिबंधाचे एक कांड, खंड वा मयूख आहेत.

उपलब्ध ग्रंथांत लक्ष्मीधराच्या कृत्यकल्पतरूतील दानकांड सर्वांत जुने मानले जाते. लक्ष्मीधर हा गाहडवाल राजा गोविंदचंद्र (कार. सु. १११४–५५) याचा सांधिविग्रहिक (तह व युद्ध यांचे काम पाहणारा मंत्री) होता. म्हणून ग्रंथाचा काळ बाराव्या शतकाचा पूर्वार्ध धरतात. त्याहून नेमके वर्ष सांगण्यास आधार नाही.

बंगालच्या सेन घराण्यातील बल्लालसेनाच्या नावावरील दानसागर शके १०९१ मधला (इ. स. ११६९ च्या सुमाराचा). त्याच्या कर्तृत्वाविषयी वाद आहे. सोळाव्या शतकातील रघुनंदन हा ग्रंथ अनिरुद्धभट्टाचा म्हणून सांगतो. प्रास्ताविकात राजाने स्वतःच गुरू अनिरुद्धाचे ऋण मान्य केले आहे. तेव्हा आखणी राजाची आणि शास्त्रार्थ गुरूचा, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. या प्रास्ताविकाचे खरे मोल मात्र वेगळे आहे. कोणती पुराणे घेतली याच्याबरोबर कोणती टाकली आणि का, हेही तेथे नोंदवले आहे: भागवतात दानविधी नाहीत म्हणून ते वगळले, देवीपुराण पाखंडाचा संसर्ग असल्यामुळे नाकारले. मध्ययुगीन संग्राहकाने आपली चाळणी इतकी उघड करून दाखवल्याची उदाहरणे थोडी.

देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप (दप्तरखात्याचा प्रमुख) हेमाद्री याच्या चतुर्वर्गचिंतामणीतील दानखंड सु. १२६० ते १२७० या दशकातला असावा. महाराष्ट्रात हेमाद्री बांधकामाच्या शैलीमुळे आणि मोडी लिपीच्या आख्यायिकेमुळे ओळखला जातो. त्याचा हा प्रचंड ग्रंथ फारसा कोणी उघडत नाही. पुढचे उल्लेखनीय ग्रंथ म्हणजे मिथिलेच्या चंडेश्वराचा दानरत्नाकर, गोविंदानंदाची दानक्रियाकौमुदी आणि मूळ पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठाचा दानमयूख (सतरावे शतक). चंडेश्वराने शके १२३६ मध्ये वाग्मती नदीच्या तीरी स्वतःची तुला (आपल्या वजनाइतक्या सोन्याचे दान) केली होती. लिहिणाराच दाता, असा हा योग.

विवेचनाचा पाया बहुधा देवल या स्मृतिकाराच्या वचनांवर असतो. त्याची मूळ स्मृती आज सलग मिळत नाही. ती या निबंधांतील अवतरणांतूनच कळते. दाता, प्रतिग्रहीता (दान घेणारा), श्रद्धा, धर्माने मिळवलेले देय (द्यायची वस्तू), देश आणि काल ही त्याने सांगितलेली दानाची सहा अंगे.

यांपैकी प्रतिग्रहीत्यावरून तांत्रिक वाद उभा राहिला. आपले स्वत्व (मालकी) सोडून दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे म्हणजे दान, ही सर्वमान्य व्याख्या. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा या टीकेच्या मते दुसऱ्याने स्वीकार केल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. वारसाहक्कावरील दायभाग या ग्रंथाचा कर्ता जीमूतवाहन मात्र दात्याच्या त्यागानेच स्वत्व उपजते असे म्हणतो. स्वीकाराने केवळ वस्तू वापरण्याजोगी होते. हा काथ्याकूट वाटला तरी तळे, विहीर आणि बाग यांच्या बाबतीत त्याला अर्थ आहे. तेथे घेणारा ठरलेला नसतो, पाणी सर्व भूतांसाठी सोडलेले असते. म्हणून अशा कृत्याला दान न म्हणता ‘उत्सर्ग’ म्हणतात. तळे सोडणाऱ्याने त्याच तळ्याचे पाणी प्यावे का, या शंकेला उत्तर असे की, ‘सर्व’ या शब्दात तोही येतो. मिताक्षरेचा पक्ष व्यवहाराला अधिक जवळचा आहे. पण लोकोपयोगी कामांचा उलगडा दायभागाच्या वाटेने सोपा होतो.

तुलेसारख्या सोळा महादानांचे (मोठ्या दानांचे) विधी मुख्यतः मत्स्यपुराणातून घेतले आहेत आणि त्यांनी बरीच पाने व्यापली आहेत. त्या मानाने आरोग्यदानाचा भाग लहान आहे. नंदिपुराणातील त्या उताऱ्यात औषधे आणि परिचारक यांनी सज्ज अशी आरोग्यशाळा सांगितली आहे. वैद्य शास्त्र जाणणारा, मुळ्यांची पारख असलेला, त्या जमिनीतून कधी काढाव्यात हे ठाऊक असलेला हवा. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष यांचे साधन आरोग्य, म्हणून ते देणाऱ्याने सर्वच दिले, असे कारण दिले आहे. अशा शाळा प्रत्यक्षात किती चालल्या, हे निबंधांवरून ठरवता येत नाही. त्यासाठी शिलालेखांकडे वळावे लागते. विद्यादानाच्या प्रकरणात पोथी नकलून घेण्याचा आणि ती मिरवणुकीने देवळात नेण्याचा विधी आहे.

हेमाद्रीचा दानखंड १८७३ मध्ये कलकत्त्याच्या बिब्लिओथेका इंडिका मालेत प्रसिद्ध झाला. दानकांड १९४१ मध्ये बडोद्याहून रंगस्वामी अय्यंगारांनी संपादित केले. त्याच वर्षी आलेल्या पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात दानाचे विस्तृत विवेचन आहे.