आक्रमक खेकडे खाऊन आटोक्यात आणणे

परक्या पाण्यातून आलेले आणि तिथल्या जीवांच्या मुळावर उठलेले खेकडे लोकांनीच पकडून खावेत व त्यांची संख्या घटवावी, अशी ही नियंत्रणपद्धत.

गाजलेले उदाहरण इटलीचे. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा निळा खेकडा पो नदीच्या मुखाशी असलेल्या शिंपल्यांच्या शेतीत घुसला आणि त्याने शिंपल्या फस्त केल्या. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने या संकटासाठी २९ लाख युरो मंजूर केले. खेकडा पास्त्यात आला, बाजारात आला. पण त्याची एक मादी एका वेळी २० लाखांच्या आसपास अंडी देते; नुसते खाऊन तो संपेल ही आशा भाबडी आहे.

कधी पकडणेच अंगाशी येते. कॅलिफोर्नियातील सीड्रिफ्ट खाडीत युरोपी हिरवे खेकडे वेचून सव्वा लाखांवरून दहा हजारांखाली आणले, तर २०१४ मध्ये ते तीन लाखांच्या घरात गेले. मोठे खेकडे आपल्याच पिल्लांना खातात. मोठे काढले आणि पिल्ले मोकाट वाढली. दुसरा धोका बाजारपेठेचा. भाव आला की कुणीतरी तो जीव मुद्दाम नव्या पाण्यात सोडतो, म्हणून केसाळ नांग्यांच्या चिनी खेकड्याची जिवंत आयात अमेरिकेने १९८९ पासून बंद केली.

नाशिककरांना याचा पडताळा माशात मिळतो. १९५२ मध्ये भारतात आणलेली चिलापी गोदावरीच्या पाण्यात पसरली. बाजारात ती रोज विकली जाते, घरोघरी तळली जाते, तरी हटलेली नाही.

इगतपुरी-त्र्यंबकच्या ओढ्यांतले खेकडे मात्र या पद्धतीत बसतच नाहीत, कारण ते इथलेच आहेत. पहिल्या पावसात रात्री बांधावर बॅटरीचा झोत पडला की खेकडा जागीच थबकतो आणि हाती लागतो. नांग्या ठेचून गाळलेल्या पाण्याचा रस्सा होतो. त्याला आक्रमक समजून पोत्यांनी भरणे घातक ठरेल. गोड्या पाण्यातल्या या खेकड्याची अंडी मोजकी असतात आणि त्यांतून थेट चिमुकले खेकडेच बाहेर येतात. मादी ओळखणे सोपे: उलटी केली की पोटावरची झडप रुंद, गोलसर दिसते; नराची अरुंद, टोकदार असते. पावसाळ्यात ती झडप जरा उचलून पाहिली, तर आत मुगाएवढी पिल्ले आईला बिलगून बसलेली सापडतात. अशी मादी तिथेच, त्याच ओढ्यात परत सोडावी.